उतरती रेघ

सकाळी पावणेसातला शिराळकरांनी रेडिओ लावला, तेव्हा अमरावतीच्या प्रभाताई वानखडे आपल्या गिझरची तक्रार सांगत होत्या.

"बटण दाबलं की दोन मिनिटांत घरची सगळी वीज जाते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, नवाच घ्या. मी म्हटलं, थांब बापा, आधी आमच्या लोकांना विचारते. ओव्हर."

"नवीन कशाला?" मिरजेहून दस्तगीर तांबोळीचा आवाज आला. खरखरीत बुडत होता, पुन्हा वर येत होता. "कॉइल फुटली असणार. आधी मेन बंद करा. पाणी काढा. मग खालचे चार... ते चार नट... आणि आतलं ते... ते रबरी..."

"गास्केट," शिराळकर म्हणाले.

"हां, तेच. जुनं परत बसवू नका. गळणार. ओव्हर."

चंद्रपूरचे खोब्रागडे मध्येच हसत म्हणाले, "ताई, आणि अंघोळ करून घ्या आधी, मग उघडा गिझर."

असं हे वीस वर्षं चाललं होतं. चौघंही हौशी रेडिओवाले, सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या घरातून हवेत बोलणारे. मोरेश्वर शिराळकर साताऱ्याचे, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. दस्तगीर मिरज जंक्शनवर सिग्नल विभागात होता. प्रभाताईंनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं, तर खोब्रागड्यांचा जन्म वीजकेंद्रात गेला होता. मोबाइलवर एका बोटात जग बोलावता येत असताना ही माणसं गच्चीवर ताणलेल्या तारेतून एकमेकांना मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, पंख्याचे कंडेन्सर आणि सुनांचे स्वभाव यांबद्दल विचारत असत. चौघांपैकी दस्तगीर शिराळकरांच्या सगळ्यात जवळचा. बायको गेल्यावर तो मिरजेतल्या घरात एकटा राहत होता आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या बंद पडलेल्या वस्तू त्याच्या ओट्यावर येऊन पडत होत्या.

शिराळकरांना एक खोड होती. दोन हजार पंचवीसपासून ते रोजचं बोलणं साठवून ठेवत. कुणी कुठल्या मापाचा वॉशर सांगितला होता यावर वाद झाला, की जुना दिवस काढून ऐकवत. सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळे त्यावरून चेष्टा करत.

दोन हजार एकतीसच्या जानेवारीत शिराळकरांनी 'स्वरलेख' उतरवून घेतला.

एका संशोधनसंस्थेने तो संगणक-प्रोग्राम फुकट उपलब्ध केला होता. त्यामागची कल्पना साधी होती. माणूस "गाळणी दे" म्हणतो, तेव्हा मेंदूत आधी गाळणीचं चित्र उमटतं, मग त्या चित्राचं नाव शोधलं जातं, मग नावातले ध्वनी ओळीने लागतात आणि शेवटी जिभेला हुकूम जातो. हे सगळं अर्ध्याएक सेकंदात होतं. विस्मरणाचा आजार लागतो, तेव्हा नाव शोधायची पायरी सगळ्यात आधी मंदावते. घरच्यांना काही कळायच्या चार-सहा वर्षं आधीच. नामाच्या अलीकडे बारीकशी थांबणी येते. 'गाळणी'च्या जागी 'ते', 'हे', 'अमुक' येऊ लागतं. वाक्यं आखूड होतात, वापरातले शब्द कमी होतात. ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण आपला कान दुसऱ्याची रिकामी जागा आपणच भरत असतो. यंत्र भरत नाही, ते मोजतं. एकाच माणसाचं काही वर्षांचं बोलणं त्याला दिलं, की दर महिन्याचा एक ठिपका मांडून ते रेघ काढतं. सरळ असली तर ठीक. उतरत असली तर किती वर्षं हातात आहेत, तेही खाली लिहून देतं.

शिराळकरांना ही रेघ स्वतःसाठी हवी होती. त्यांचे थोरले भाऊ वामनदादा शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला 'बाई, तुम्ही कोण' असं विचारत. डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षं आधी आणलं असतंत तर काही करता आलं असतं. त्या चार वर्षांत दर रविवारी शिराळकर दादांशी फोनवर बोलत होते. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

सहा वर्षांची ध्वनिमुद्रणं त्यांनी यंत्राला दिली. यंत्राने चार आवाज वेगळे काढले. शिराळकरांची रेघ सरळ होती. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. प्रभाताईंची सरळ होती, खोब्रागड्यांचीही.

दस्तगीरची रेघ सत्तावीस सालापासून उतरत होती. आधी हळू, मग घसरगुंडीसारखी. खाली लिहिलं होतं: दोन ते तीन वर्षं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. हेमाने, त्यांच्या बायकोने, दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी तिला पडदा दाखवला.

"दस्तगीरभाईंना सांगितलंत?" तिने विचारलं.

"कसं सांगू?"

"मग नका सांगू. यंत्राचं काय एवढं मनावर घेता? डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख आहे तो माणूस."

"दादाबद्दलही आपण हेच म्हणायचो," शिराळकर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं बोलणं बदललं. निदान शिराळकरांसाठी तरी. दस्तगीर पाण्याच्या मोटरीबद्दल काही सांगत असे आणि शिराळकर मोटरीचं ऐकतच नसत. ते थांबण्या मोजत असत. तो अडला की लगेच शब्द पुरवत. कधी तो अडायच्या आतच. एकदा त्यांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "आज वार कुठला रे?"

"गुरुवार. का?" दस्तगीर म्हणाला. खरखर वाढली, मग पुन्हा त्याचा आवाज आला. "मोरेश्वर, तू हल्ली माझं बोलणं पुरं का होऊ देत नाहीस? मास्तर झालास काय लेका?"

"सिग्नल खराब आहे, म्हणून," शिराळकर म्हणाले.

दीड महिना त्यांनी हे ओझं वागवलं. मग एका दुपारी दस्तगीरच्या मुलाला, मुनाफला, फोन केला. मुनाफ पुण्यात एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कुठे काय पेटेल, कोण कुठून पडेल, याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळत होता. शिराळकरांनी त्याला सगळं सांगितलं, रेघ पाठवली आणि सहा वर्षांचे आवाजही पाठवले.

"लवकर चांगल्या डॉक्टरला दाखव," ते म्हणाले. "आम्ही दादाच्या वेळी उशीर केला."

"काका, तुमचे उपकार आहेत," मुनाफ म्हणाला. "अब्बा एकटे राहतात, हातात सोल्डरिंग, समोर उघड्या तारा. मला तर झोपच लागणार नाही आता."

शिराळकरांना वाटलं होतं, तो महिन्याभरात तपासणीला नेईल. मुनाफ चौथ्या दिवशी वडिलांना पुण्याला हलवायला टेम्पो घेऊन मिरजेला गेला.

त्या सकाळी दस्तगीर शेवटचा हवेत आला. प्रभाताई त्यांच्या नव्या गास्केटबद्दल सांगत होत्या. त्याने त्यांना पुरं बोलू दिलं, मग म्हणाला, "मोरेश्वर आहे का?"

"आहे. बोल."

"मुनाफनं मला रेघ दाखवली." मध्ये खरखर. "खाली... मुद्रण सातारा... असं लिहिलंय. तू साठवतोस हे मला ठाऊक होतं. कशासाठी ते ठाऊक नव्हतं."

"दस्तगीर, तुझ्या भल्यासाठी—"

"मला आधी विचारायचं होतंस. मी नको म्हणालो असतो, म्हणून विचारलं नाहीस." बराच वेळ नुसती खरखर आली. मग अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा त्याचा आवाज आला. "तार उतरवायला माणूस आलाय. बंद करतो."

नंतर प्रभाताईंनी विचारलं, "कोणती रेघ, शिराळकर?" त्यांना सांगावं लागलं. हवेतल्या बोलण्याला दारं नसतात, त्यामुळे खोब्रागड्यांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तोलूनमापून बोलू लागले. खोब्रागडे, ज्यांच्या एका गोष्टीला चार फाटे फुटत, ते कागदावर लिहून आणल्यासारखं बोलत. मे महिन्यात स्वरलेख मोबाइलमध्ये आला. जूनमध्ये खोब्रागडे म्हणाले, "माझी सून आता माझ्यासमोर फोन ठेवते अन् म्हणते, बाबा, काहीतरी सांगा ना. पहिले कधी असं म्हणत नव्हती." त्यानंतर ते हवेत आले नाहीत. हवेतलं बोलणं कुणीही पकडतो आणि कुणीही मोजतो, असा निरोप तेवढा त्यांनी पाठवला.

शिराळकरांनी मुनाफला पाच-सहा फोन केले. अब्बा बरे आहेत, आराम करतात, औषधं चालू आहेत. दस्तगीर फोनवर येत नसे.

डिसेंबरात एके दिवशी प्रभाताईंचा फोन आला. रेडिओवर नाही, साध्या फोनवर.

"शिराळकर, तुम्ही ते यंत्र लावलं तेव्हा ध्वनिमुद्रण कुठचं होतं?"

"माझंच. इथलं, साताऱ्याचं."

"मीही आवाज रेकॉर्ड करून ठेवते. बोलण्यासाठी नाही, माझ्या सूर्याच्या नोंदींसाठी. कोणाचा सिग्नल किती जोरात येतो ते लिहिते रोज. वर्ष संपत आलं म्हणून तक्ते काढले आज. दस्तगीरभाई माझ्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण जोरात येत होते. एक शब्द बुडाला नाही."

शिराळकरांनी जुनी रेघ काढून समोर घेतली.

पुढचं त्यांना सांगायची गरज नव्हती, तरी प्रभाताई शिकवल्यासारखं सांगत राहिल्या. या लहरी जमिनीलगत लांब जात नाहीत. त्या वर जातात, आणि शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेच्या थरावर आपटून खाली येतात. सूर्याचा जोर अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतो आणि ओसरतो. पंचवीस साली तो ऐन भरात होता. तेव्हा थर दाट होता. आता तो थंडावलाय आणि थर विरळ झालाय. तिरप्या जाणाऱ्या लहरी विरळ थरावरूनही परततात, पण सरळ उभ्या जाणाऱ्या लहरी थर भेदून अवकाशात निघून जातात. अमरावती मिरजेपासून लांब, म्हणून तिथे जाणारी लहर तिरपी. सातारा मिरजेपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिथे यायला लहरीला जवळजवळ डोक्यावर जाऊन परत यावं लागतं. वर्षागणिक तिचा जास्त जास्त भाग परत येतच नव्हता. त्यात सकाळी पावणेसातची वेळ, थर सगळ्यात अशक्त असण्याची.

स्वरलेख आधी खरखर पुसून काढत असे. खरखरीबरोबर तिच्यात बुडालेला दस्तगीरचा शब्दही पुसला जाई आणि तिथे स्वच्छ शांतता उरे. यंत्राच्या लेखी ती त्याची थांबणी होती. शिवाय आपलं पलीकडे नीट पोचत नाही हे कळून दस्तगीर स्वतःच तुटक बोलू लागला होता. तेच तेच परत सांगत होता, 'ते... ते' करत वाट बघत होता. वर्षानुवर्षं शिराळकरच त्याला म्हणत होते, "पुन्हा सांग, बुडालं."

त्यांनी प्रभाताईंची ध्वनिमुद्रणं मागवून यंत्राला दिली. दस्तगीरची रेघ सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, सगळी वर्षं सरळ होती. त्यांच्या स्वतःच्या रेघेपेक्षाही किंचित वरच.

मग त्यांनी स्वरलेखची माहितीपुस्तिका उघडली. आयुष्यात त्यांनी एक टेबलफॅनसुद्धा पुस्तिका वाचल्याशिवाय जोडला नव्हता. अकराव्या पानावर लिहिलं होतं, की रेडिओ वा टेलिफोनवरून घेतलेल्या आवाजांसाठी हे साधन वापरू नये. त्या पानाखाली 'वाचले, मान्य आहे' या चौकटीत जानेवारीत त्यांनीच खूण केली होती.

त्यांनी मुनाफला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो हळू म्हणाला, "काका, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी चाचणी घेतली. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अब्बांनी काढलं नाही. वार विचारला, गप्प राहिले. घरात मी रोज मोजतो, समोर फोन ठेवून, रेडिओ नाही मध्ये. तीही रेघ खाली जातेय."

"तो बोलतो का घरात?"

"नाही बोलत. तेच तर लक्षण आहे ना?"

शिराळकरांनी सकाळची पुण्याची एसटी पकडली.

मुनाफचं घर नवव्या मजल्यावर होतं. दस्तगीर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. शिराळकरांनी आधी त्याचे हात पाहिले. बोटांवर नेहमी भाजल्याचे, कापल्याचे डाग असत. आता ती स्वच्छ होती, म्हाताऱ्या कारकुनाची असावीत तशी. समोरच्या टेबलावर पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी आणि उभा करून ठेवलेला फोन. मुनाफ आत चहा टाकायला गेला.

शिराळकरांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले. एक साताऱ्याचा, एक अमरावतीचा. सूर्य, थर, खरखर, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. सगळी. तुला काही झालं नव्हतं."

दस्तगीरने सरळ रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी बरा होतो?" त्याने विचारलं.

"होतास."

"आणि आता?"

शिराळकरांना मुनाफने सांगितलेली घरची रेघ आठवली. गोळ्यांमुळे म्हणावं, न बोलण्यामुळे म्हणावं, की खरोखरच काही सुरू झालं होतं? ते सांगणारं यंत्र कुणी बनवलेलं नव्हतं.

"इथं आल्यावर," दस्तगीर सावकाश म्हणाला, "मी ठरवलं, चुकायचं नाही. मुनाफ घाबरतो मी चुकलो की. म्हणून शब्द आधी मनात म्हणून बघतो. बरोबर वाटला तर बोलतो. तोवर पोरं दुसऱ्याच विषयावर गेलेली असतात." तो थांबला. "घड्याळाचं चित्र मला काढता येत होतं. पण काटा किती लांब काढायचा, ते... विचार करत बसलो. त्यांनी कागद घेतला."

"आपण पुन्हा तार बांधू. मिरजेला चल. मी येऊन राहतो तुझ्याजवळ, महिना दोन महिने."

"घर भाड्यानं दिलं," दस्तगीर म्हणाला. "हत्यारं भंगारात गेली. आणि मोरेश्वर, तुला खरं सांगू? मला आता भीती वाटते तिथं एकट्यानं राहायची. आधी वाटत नव्हती."

मुनाफ चहा घेऊन आला. शिराळकरांच्या मनात आलं, दस्तगीरला एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखं बोलताना ऐकावं. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, हेमाच्या मिक्सरची मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही. खालचं ते काळं फूल झिजलंय. निघतच नाही, काय करू?"

दस्तगीरच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याने कप खाली ठेवला. दोन्ही हात पुढे घेऊन हवेत मिक्सर धरला.

"कपलर," तो म्हणाला. "तो... उलट्या आट्यांचा असतो. मिक्सर आडवा कर. खालून मोटरीच्या दांड्याला खाच असते, तिच्यात... पेचकस घाल आणि घट्ट धरून ठेव. मग वरून कपलर... घड्याळाच्या दिशेनं फिरव. सुटायला लागतो. नवीन लावताना उलटं. ठोकायचा नाही, नाहीतर दांडा वाकतो."

एकही चूक नव्हती. शिराळकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर, दस्तगीर."

पण दस्तगीर त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याचे हात अजून हवेतच होते. तो मुलाकडे वळला होता आणि पेपर दिलेल्या पोरासारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबर बोललो ना रे मी?" त्याने विचारलं.

मुनाफचं वडिलांवर फार प्रेम होतं. उत्तर द्यायच्या आधी त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.